बारा तलंगा, एक कोंबडा आणि जात टिकवण्याचा प्रश्न

प्रश्न थोडक्यात असा आहे: जुन्या शुद्ध जातीच्या बारा तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, आणि एक कोंबडा घेऊन अंगणात सुरुवात करायची आहे. पुढे बाहेरून पक्षी न आणता घरच्याच अंड्यांवर कळप चालवायचा आहे. तर खुराडं केवढं बांधावं, अंडी उबवायचं यंत्र कोणतं घ्यावं, दाणा काय द्यावा?

तिन्हींचं उत्तर देते. पण तुमच्या कळपाचं पुढचं सगळं ज्यावर अवलंबून आहे ते प्रश्नात विचारलेलंच नाही, आणि ते म्हणजे तो एक कोंबडा. नुसती खायला अंडी हवी असतील तर एकही कोंबडा नसला तरी चालतं, कोंबड्या अंडी घालायच्या थांबत नाहीत. जात टिकवायची असेल तर मात्र एक कोंबडा पुरत नाही.

हिशोब करून पाहा. पिल्लाला निम्मा वारसा आईकडून येतो, निम्मा बापाकडून. बाप एकच असला की पुढच्या पिढीतली सगळी पिल्लं एकमेकांची निदान सावत्र भावंडं झाली, आणि त्यांचीच जोडी पुढे लागणार. एका पिढीत जवळच्या नात्याचं रक्त किती वाढतं याचं एक सोपं सूत्र पैदासशास्त्रात आहे: एक भागिले नरांच्या संख्येची आठपट, अधिक एक भागिले माद्यांच्या संख्येची आठपट. बारा माद्या आणि एक नर धरला तर उत्तर येतं साधारण १३.५ टक्के. त्याच बारा माद्यांना तीन नर ठेवले तर ५.२ टक्के. आणि नर एकच ठेवून माद्या शंभर केल्या तरी १२.६ टक्के! म्हणजे कोंबड्या कितीही वाढवा, फरक पडतो तो कोंबड्यांच्या बापांमुळे. म्हणून बारा तलंगांऐवजी नऊ घ्या, पण नर किमान तीन घ्या, आणि जमलं तर ते तिघे एकाच उबवणीतले सख्खे भाऊ नसतील असं बघा.

जवळच्या नात्यातल्या पैदाशीने होणाऱ्या नुकसानीत फसवं काय, तर ते डोळ्यांना दिसत नाही. पक्षी देखणे राहतात, रंग ठसठशीत राहतो. आधी अंड्यांतून पिल्लं कमी निघायला लागतात. मग निघालेली पिल्लं मागे पडतात, पहिल्या पंधरवड्यात जास्त मरतात. मग नरांची फळवण्याची ताकद उतरते. तोवर तीन-चार पिढ्या गेलेल्या असतात आणि माणूस यंत्राला दोष देत बसतो.

जुन्या जाती म्हणजे कोणत्या, हेही एकदा पक्कं करून घ्या. ऱ्होड आयलंड रेड, प्लायमाउथ रॉक, ससेक्स, ऑर्पिंग्टन, आपल्याकडचे असील आणि कडकनाथ ही सगळी या गटातली नावं. पण नाव जुनं आणि आतला पक्षी अंड्यांच्या धंद्यासाठी बदललेला, असंही पुष्कळदा असतं. अमेरिकेतली लाइव्हस्टॉक कॉन्झर्व्हन्सी ही संस्था जुन्या जातीच्या कोंबडीसाठी ज्या अटी घालते, त्यांतल्या तीन मला फार उपयोगाच्या वाटतात. पक्षी नैसर्गिक पद्धतीने जोडी लावून वाढले पाहिजेत. मोकळ्यावर राहून मादी ५ ते ७ वर्षं आणि नर ३ ते ५ वर्षं कामाचा राहिला पाहिजे. आणि वाढ सावकाश हवी, विक्रीचं वजन १६ आठवड्यांच्या आत येता कामा नये. विकणाऱ्याला एवढंच विचारा की त्याच्याकडे चार वर्षांची, अजून अंडी घालणारी कोंबडी आहे का. असेल तर ती बघायला मागा.

आता तीन नरांचं करायचं काय? कळपाची तीन कुटुंबं पाडा. त्यांना रंगांची नावं द्या: लाल, निळं, पिवळं. प्रत्येकात एक नर आणि तीन-चार माद्या. नियम दोनच. मुलगी आईच्या कुटुंबात राहते, आणि निवडलेला मुलगा पुढच्या कुटुंबात जुन्या नराच्या जागी जातो: लालचा निळ्यात, निळ्याचा पिवळ्यात, पिवळ्याचा लालमध्ये. दिशा कधीही बदलायची नाही. एवढ्यावर सख्ख्या भावंडांची जोडी कधीच लागत नाही, बाप-लेकीची लागत नाही, आणि वंशावळीची मोठी वही ठेवायचीही गरज पडत नाही. पिल्लाचं कुटुंब कोणतं, एवढं कळलं की झालं.

ते कळण्यासाठी खूण पहिल्याच दिवशी करावी लागते. कोंबडीच्या पुढच्या तीन बोटांमध्ये पातळ पडदा असतो. एका पायावर असे दोन, दोन्ही पायांवर मिळून चार. या चार जागांपैकी कुठे भोक पाडायचं आणि कुठे नाही, यातून १६ वेगवेगळ्या खुणा होतात. त्यासाठी छोटा पंच मिळतो. पिल्लू पूर्ण वाळलं की डाव्या मुठीत धरायचं, पाय दोन बोटांत घेऊन पडदा ताणायचा, पंच पडद्याच्या मधोमध ठेवून एकदाच ठाम दाबायचा. रक्ताचा एखादा थेंब येतो, कधी तोही येत नाही. कातडीचा बारीक गोल तुकडा पूर्ण सुटला आहे का ते मात्र बघाच. तो लोंबत राहिला तर भोक भरून येतं आणि महिन्याभरात खूण गायब होते. तीन-चार दिवसांनी सगळे पाय पुन्हा एकदा उजेडात बघून घ्या. मोठेपणी पायात रंगीत कडी घाला, पण कडी पडते, तुटते. पडद्याची खूण शेवटपर्यंत राहते.

वर्षभर तीन वेगळी खुराडी लागतात असं समजू नका. वेगळं ठेवायचं ते फक्त उबवणीची अंडी गोळा करण्याच्या दोन-तीन महिन्यांत. एरवी सगळ्या माद्या एकत्र आणि नर त्यांच्या नजरेआड वेगळे. माद्या समोर नसल्या तर एकत्र वाढलेले नर बहुतेक जातींत बऱ्यापैकी नांदतात. असीलसारख्या लढाऊ जातीत हा धोका पत्करू नका. मादीच्या शरीरात नराचं बीज साधारण दोन आठवडे, कधी त्याहून जास्त टिकतं. म्हणून कुटुंबं वेगळी केल्यावर पहिल्या तीन आठवड्यांची अंडी खायला वापरा, उबवायला त्यानंतरची घ्या. घाई केली तर खूण निळ्याची आणि बाप लालचा, अशी पिल्लं निघतात आणि सगळी मांडणी बिघडते.

निवडीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण जात इथेच टिकते किंवा इथेच जाते. तीन नर ठेवायचे तर तीस वाढवून पाहिले पाहिजेत. माझा हिशोब हाच आहे: ठेवायच्या प्रत्येक नरामागे दहा. माद्यांच्या बाबतीत एकामागे तीन-चार चालतात. पहिल्या दिवशी कैचीसारखी वाकडी चोच, फाकलेले पाय, बेंबी नीट न मिटलेली पिल्लं बाजूला काढा. आठव्या आठवड्यात चण आणि चाल पाहा, सोळाव्यात वजन करा. अखेरची निवड सहा ते आठ महिन्यांच्या आत करू नका. सावकाश वाढणाऱ्या जातीत सुरुवातीला लांबटांग, हडकुळा दिसणारा नर पुढे सर्वांत भरदार निघतो, आणि लवकर तुरा फुललेला, लवकर आरवणारा तिथेच थांबतो.

रंग शेवटी बघायचा. आधी हाडापेराची मजबुती: रुंद पाठ, खोल छाती, सरळ पाय, शेपटी मधोमध. शेपटी एका बाजूला कायमची झुकलेली असेल किंवा पाठीला कुबड असेल, तर पिसारा कितीही सुंदर असो, त्या पक्ष्याची पिल्लं काढायची नाहीत. माणसावर धावून जाणारा नरही पैदाशीतून बाद. तो स्वभाव पुढे उतरतो, आणि अंगणात लहान मुलं असतात.

अंड्यांच्या बाबतीत नराची परीक्षा त्याच्या आईवर घ्या. तो स्वतः अंडी घालत नाही, त्यामुळे त्याच्या रक्तात काय आहे ते आई आणि बहिणीच सांगतात. पक्ष्यांत लिंग ठरवणारी गुणसूत्रं आपल्या उलट असतात: नराकडे दोन झेड, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. त्यामुळे मुलीचं एकमेव झेड बापाकडूनच येतं. पट्टेरी प्लायमाउथ रॉकचे पट्टे या झेडवर असतात. पट्टेरी मादीला काळा नर लावला तर मुलगे पट्टेरी आणि मुली काळ्या निघतात. मुलींमध्ये पट्टे हवे असतील तर ते बापातच हवेत.

मादीची तपासणी हातानेच होते. तिला काखेत धरून शेपटीखालची दोन टोकदार हाडं चाचपा. अंड्यावर असलेल्या कोंबडीच्या त्या दोन हाडांमध्ये दोन-तीन बोटं सहज बसतात, हाडं पातळ आणि लवचिक लागतात, पोट मऊ आणि खोल असतं. अंड्यावर नसलेलीची हाडं जेमतेम एका बोटाच्या अंतरावर. पिवळ्या कातडीच्या जातींत आणखी एक खूण मिळते. अंडी घालत गेली की पिवळेपणा उतरत जातो: आधी गुदद्वाराभोवती, मग डोळ्याची कड, मग चोच, आणि सर्वांत शेवटी पाय. वर्षाच्या शेवटी जिचे पाय पांढुरके आणि पिसं झिजलेली, ती देखणी दिसत नाही, पण कामाची तीच. पैदाशीला मी दोन वर्षांच्या पुढच्या माद्या पसंत करते. त्यांनी एक पूर्ण वर्ष अंडी घातली, पिसं गाळली, पुन्हा अंड्यावर आल्या, आजारातून तगल्या. तलंगेने यातलं काहीच अजून सिद्ध केलेलं नसतं.

काही जातींची स्वतःची अडचण असते, ती आधी माहीत असू द्या. वायनडॉटचा गुलाबी, म्हणजे चपटा खडबडीत तुरा ज्या नरात दोन्हीकडून आलेला असतो, त्याची फळवण्याची ताकद कमी असते. म्हणून त्या कळपात अधूनमधून साध्या करवती तुऱ्याची पिल्लं निघाली तर घाबरू नका आणि सगळी काढूनही टाकू नका. तो वारसा एका बाजूने असलेले गुलाबी तुऱ्याचे नर चांगले फळवतात. (मेंडेलचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात याच्या सुरुवातीच्या पुराव्यांत हाच तुरा होता. विल्यम बेटसनने १९०२ मध्ये कोंबड्यांच्या तुऱ्यांवरून ते दाखवलं.) आखूड पायांच्या जातींत दोन्ही पालक आखूड पायांचे असले तर चौथा हिस्सा पिल्लं अंड्यातच मरतात. उलट्या पिसांच्या पक्ष्याला नेहमी सरळ पिसांचा जोडीदार द्या, नाहीतर पिल्लांची पिसं ठिसूळ होऊन अंग उघडं पडतं. ऑर्पिंग्टन आणि कोचीनसारख्या फुगीर पिसांच्या जातींत शेपटीखालची पिसं कात्रीने कमी करा. पुष्कळदा वांझ अंड्यांचं कारण तेवढंच असतं.

आता अंडी. दिवसातून दोन-तीनदा गोळा करा. मध्यम आकाराची, सुबक, स्वच्छ तेवढी उबवायला ठेवा. धुवू नका, धुतल्याने कवचावरचं संरक्षण जातं. टोकाची बाजू खाली, १३ ते १८ अंश सेल्सियसच्या आसपास, आणि सात दिवसांच्या वर साठवायची नाहीत. दहाव्या दिवसानंतर उतार चटकन लागतो. प्रवासातून आलेली अंडी बोथट बाजू वर करून एक दिवस तशीच राहू द्या, मगच बसवा.

यंत्र घेताना नाव बघू नका, आत पंखा आहे का ते बघा. पंख्याच्या यंत्रात ३७.५ अंश, बिनपंख्याच्या यंत्रात अंड्याच्या वरच्या पातळीला ३८.९ अंश. यंत्रावरच्या आकड्यावर विसंबू नका, वेगळा तापमापक आत ठेवा. पहिले अठरा दिवस आर्द्रता ४५ ते ५५ टक्के, दिवसातून किमान तीन-पाच वेळा अंडी फिरवायची. अठराव्या दिवशी फिरवणं बंद, आर्द्रता ६५ ते ७० टक्के आणि एकविसाव्या दिवसापर्यंत झाकण बंद. आर्द्रता बरोबर आहे का, हे वजनकाटा सांगतो. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन १२-१३ टक्के उतरायला हवं, म्हणजे ५५ ग्रॅमचं अंडं साधारण ४८ ग्रॅमवर यायला हवं.

न फुटलेली अंडी टाकून देऊ नका, उघडून बघा. अंगणाबाहेर, हातमोजे घालून, एकेक. आत काहीच नसेल तर नराचा प्रश्न. रक्ताचं कडं दिसलं तर पिल्लू पहिल्या काही दिवसांत गेलं: जुनी अंडी, उष्णता किंवा धक्का. पूर्ण वाढलेलं पण सुजट, ओलं पिल्लू म्हणजे आर्द्रता जास्त झाली. पापुद्रा कोरडा होऊन अंगाला चिकटलेला असेल तर कमी पडली. मधल्या आठवड्यात मेलेली, वळलेल्या बोटांची आणि गाठीदार लवीची पिल्लं दिसली तर तो दोष यंत्राचा नाही, आईच्या आहारात रायबोफ्लेविन (ब-२ जीवनसत्त्व) कमी पडलं. आणि एकाच कुटुंबाची अंडी वर्षानुवर्षं शेवटच्या तीन दिवसांत मरत असतील, तर नाती फार जवळ आली का ते तपासा. म्हणून प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने कुटुंबाची खूण आणि तारीख हवीच.

यंत्र असलं तरी एखादी चांगली खुडूक कोंबडी हाताशी ठेवाच. अंड्यांच्या धंद्यातल्या जातींमधून हा गुण मुद्दाम काढून टाकला गेला, तो जुन्या जातीत टिकवणं हेही राखणदारीचंच काम आहे. तिला रात्री बसवा, बसवण्याआधी उवा-गोचिडांसाठी अंग तपासा. तिच्या स्वतःच्या आकाराची दहा-बारा अंडी, सगळी एकाच दिवशी. जागा आडबाजूला आणि इतर कोंबड्यांपासून बंद हवी, नाहीतर बाकीच्या तिथेच नवीन अंडी घालून जातात आणि उबवण मागेपुढे होते.

पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३५ अंश ऊब, पुढे दर आठवड्याला तीन अंश कमी. दिव्याखाली गठ्ठा करून चिवचिवत असतील तर थंडी वाजते आहे, कडेला पांगून चोच वासून बसली असतील तर उकडतं आहे. सहा ते आठ आठवडे २० टक्क्यांच्या आसपास प्रथिनांचं पिल्लांचं खाद्य द्या. अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य पिल्लांना चुकूनही नको, त्यातल्या कॅल्शियमने मूत्रपिंडं खराब होतात. नरांनाही एवढं कॅल्शियम लागत नाही. म्हणून मोठ्यांना १६ ते १८ टक्के प्रथिनांचं साधं खाद्य आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात, ज्याला हवा तो खाईल. अंडी बसवायच्या महिनाभर आधीपासून पैदाशीच्या पक्ष्यांना हिरवा पाला आणि जीवनसत्त्वं वाढवा. बुरशी लागलेला मका कधीही घालू नका.

खुराड्यात प्रत्येक पक्ष्याला आत चार चौरस फूट आणि बाहेर दहा. बसायच्या दांडीवर दर पक्ष्याला २० ते २५ सेंटीमीटर जागा. जड जातींना दांडी बुटकी हवी, उंचावरून उड्या मारून तळव्याला गळू होतं. चार-पाच माद्यांना एक अंड्याचं खोकं. हवा दांडीच्या वरून खेळती राहिली पाहिजे. आत शिरल्यावर डोळ्यांना झोंबलं तर गादीचा भुसा ओला आहे. साधी षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला किंवा कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्ड केलेली जाळी लावा आणि ती फूटभर जमिनीत गाडा.

आजारांचं वेळापत्रक पशुवैद्यकाकडून लिहून घ्या. राणीखेत आणि देवीची लस ठरलेल्या वयातच गेली पाहिजे. मरेक या विषाणूच्या आजाराची लस अंड्यातून निघाल्याच्या दिवशीच द्यावी लागते. तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांची विष्ठा रक्ताळ दिसली तर रक्ती हगवण समजून त्याच दिवशी औषध सुरू करा आणि भुसा कोरडा करा. पुलोरम आणि मायकोप्लाझ्मा हे आजार अंड्यातून पिल्लात उतरतात. तेव्हा पैदाशीच्या पक्ष्यांची रक्ततपासणी अंडी बसवण्याआधी करून घ्या.

पाच-सहा पिढ्यांनंतर पिल्लं निघण्याचं प्रमाण उतरू लागलं तर बाहेरचं रक्त लागेल. नवा नर थेट कळपात सोडू नका. त्याच जातीच्या दोन माद्या आणा, महिनाभर पूर्ण वेगळ्या ठेवा, दाणापाणी आधी आपल्या कळपाला आणि मगच त्यांना. नंतर त्यांना तुमच्या सर्वांत चांगल्या नराबरोबर चौथ्या जागी ठेवा. त्यांची पिल्लं वर्षभर बाजूला वाढवून पाहा: वाढ, अंडी, स्वभाव, आजारपण. पसंतीला उतरला तर त्यांतला एक मुलगा फक्त एका कुटुंबात द्या, आणि ते कुटुंब निवडताना त्याच्या बापाचं स्वतःचं कुटुंब टाळा. त्या नराची पिल्लं मोठी होऊन त्यांची अंडी बघेपर्यंत उरलेल्या दोन कुटुंबांत हे नवं रक्त जाऊ देऊ नका.